तळ दिसतो तेव्हा

पूल रिकामा करायला बोलावणं आलं की गाडीतून मी आधी पंप काढत नाही. दगड बांधलेली एक सुती दोरी काढतो. तिला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या आहेत. बंगल्याच्या आवारात, नाहीतर शेजारच्या वाडीत, एखादी विहीर असतेच. तिच्या काठावर उभं राहून दोरी सोडायची, दगड पाण्याला टेकल्याचा आवाज आला की थांबायचं आणि किती गाठी आत गेल्या ते मोजायचं. मालक मागून येऊन विचारतात, "अहो, पूल तिकडे आहे ना?" पूल तिकडे असतो, पण तो आज रिकामा करायचा की नाही हे मला विहीर सांगते. ही सवय मला एका अख्ख्या पुलाच्या किमतीला पडली आहे.

नकाशावर त्याला स्विमिंग पूल म्हणतात, मालकांच्या बोलण्यात तो नुसता पूल असतो, आमच्या मिस्त्रींच्या तोंडी मात्र कायम 'टाकी'. अलिबाग, कर्जत, लोणावळा या पट्ट्यात बावीस वर्षं मी हेच काम करतोय आणि मला मिस्त्रींचा शब्द सर्वांत खरा वाटतो. निळ्या काचेच्या टाइल्स, काठावरच्या आरामखुर्च्या, पाण्याखालचे दिवे हे सगळं वरचं. आत ती जमिनीत पुरलेली एक काँक्रीटची टाकी आहे आणि तिला भरलेलं राहायचं असतं. रिकामी झाली की ती बिचकते, आणि तिचं सगळं खरं त्याच आठ-दहा दिवसांत बाहेर येतं. पाहुण्यांना हे दिवस कधी दिसत नाहीत. बहुतेक मालकांनाही नाही, कारण ते शनिवार-रविवारचे. टाकीला खऱ्या अर्थाने ओळखतात ते बंगल्याचे राखणदार, माळी आणि आम्ही.

तर त्या पुलाची गोष्ट. तेव्हा मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, नवा होतो. अलिबागजवळची वाडी, समुद्र चालत दहा मिनिटांवर. जुलै महिना. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली होती, मालकांकडे पाहुणे यायचे होते आणि पुलातलं पाणी शेवाळून हिरवंगार झालं होतं. चार दिवस पावसाने उघडीप दिली होती. ठेकेदार म्हणाला, ऊन आहे तोवर उपसून घ्या, घासून धुऊन परत भरू. आम्ही दोन मडपंप लावले. संध्याकाळपर्यंत तळ दिसला. राखणदार काका काठावर येऊन उभे राहिले. त्यांचं सगळं आयुष्य त्या मातीत गेलेलं. ते एवढंच म्हणाले, "आमची विहीर काठोकाठ हाय, आन तुम्ही ही रिकामी केलीव?" मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मी हसून मान हलवली आणि मजुरांचा हिशोब करायला बसलो.

रात्री पाऊस कोसळला. पहाटे कधीतरी काहीतरी कडकडल्यासारखा आवाज आला. वाटलं, नारळाची झावळ पडली. सकाळी उठून बघतो तर टाकीची एक बाजू जमिनीतून सहा इंच वर आलेली. काठाची शहाबादी फरशी उचकटून तिरकी झालेली, पंपाकडे जाणारे पाइप मोडलेले, आणि जिथे भिंत तळाला मिळते तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भेग. तीस फूट लांबीची काँक्रीटची टाकी रात्रीत होडीसारखी तरंगली होती.

रिकामं पातेलं पाण्याच्या बादलीत दाबून बघा, हाताला खालून जो रेटा लागतो तोच हा. हिशोब साधा आहे. ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल अशा टाकीत जवळपास ५७,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे ५७ टन. आठ इंची भिंती आणि तेवढाच तळ धरला तर टाकीचं स्वतःचं वजन प्लास्टर-टाइल्ससकट साधारण ४५ टन भरतं. ती भरलेली असते तेव्हा जमिनीतलं पाणी तिला काहीही करू शकत नाही. पण आतले ५७ टन काढून घेतले आणि बाहेरच्या मातीतलं पाणी टाकीच्या तळापासून तीन फूट वर चढलं, की खालचा रेटा टाकीच्या वजनाइतका होतो. त्यापुढे टाकी उठायला मोकळी. त्या रात्री विहीर काठोकाठ होती. काकांनी हाच हिशोब एका वाक्यात सांगितला होता.

उठलेली टाकी परत खाली बसत नाही. ती वर येताच तिच्याखाली वाळू आणि चिखल सरकतो आणि तिची जागा घेतो. आम्ही तिच्यात पुन्हा पाणी भरून पाहिलं. ती तशीच तिरकी राहिली आणि भेगांतून गळत राहिली. दिवाळीनंतर ती ब्रेकरने फोडून काढावी लागली. काका फोडकामाच्या दिवसांत रोज चहा घेऊन यायचे, पण त्या संध्याकाळचं वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. मला मात्र ते आजही ऐकू येतं.

या रेट्यावर उपाय म्हणून टाकीच्या सर्वांत खोल जागी, तळाच्या जाळीखाली एक झडप बसवतात. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की ती उघडते, जमिनीतलं पाणी टाकीत येऊ देते आणि टाकी जागेवर राहते. हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह तिचं नाव. जुन्या पुलांत ती निम्म्या वेळा नसतेच. आणि असली तरी? नागावकडच्या एका बंगल्यात जाळी उघडली तर झडपेच्या तोंडावर पांढऱ्या सिमेंटचा घट्ट लगदा. आधीच्या कारागिराला वाटलं असणार, तळाला भोक राहिलंय, गळेल, म्हणून त्याने मन लावून ते बुजवलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता जाळी उघडली की मी हाताखालच्या सगळ्या पोरांना बोलावतो, झडप दाखवतो, बोटाने दाबून उघडायला लावतो. एकदा हाताला कळलं की माणूस ते विसरत नाही.

कोकणात टाकी रिकामी करायचे दिवस माझ्या लेखी दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या आसपास संपतात. दिवाळीपर्यंत जांभ्यातलं पाणी खाली गेलेलं असतं. पुढे एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात हे खरं, पण मग ऊन आडवं येतं. वर्षानुवर्षं पाण्याखाली गार राहिलेल्या काचेच्या टाइल्स वैशाखाच्या दुपारी हात लावू देत नाहीत, इतक्या तापतात. काच, मसाला आणि काँक्रीट वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि काल घट्ट असलेल्या टाइल्सचे पापुद्रे सुटायला लागतात. घाटावर, जिथे काळी माती आहे, तिथे ती पावसात फुगून भिंतींना बाहेरून दाबते. आत पाणी नसेल तर त्या दाबाला तोलणारं काहीच उरत नाही.

मुळात अनेक टाक्या रिकाम्या करायची गरजच नसते. हे बोलून मी स्वतःचं काम कमी करतो असं माझे व्यवसायबंधू म्हणतात, पण कर्जतच्या एका बंगल्याने मला हे पक्कं शिकवलं. तिथे रोज दीड-दोन इंच पाणी उतरत होतं. मालकांनी दोन वर्षांत दोनदा टाकी रिकामी करून तळाच्या टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. खर्च झाला, गळती तशीच. मी गेलो आणि त्यांना म्हटलं, पाच दिवस नळ बंद ठेवा, टाकीत पाणी सोडू नका, फक्त बघत राहा. भिंतीवर रोज सकाळी सातला मेणाच्या खडूने पाण्याची रेघ मारायची. पहिल्या दिवशी दोन इंच उतरलं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी दीड, चौथ्या दिवशी थांबलं. पाचव्या दिवशीही रेघ तिथेच. उन्हाने उडतं तेवढंच काय ते खाली. रेघ थांबली होती ती पाण्याखालच्या दिव्याच्या मध्यावर.

पाणी जिथे उतरायचं थांबतं, भोक त्या उंचीवर असतं. ते वरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी थांबलं तर स्किमरचा सांधा बघावा, परत पाणी सोडणाऱ्या नळ्यांशी थांबलं तर त्या नळ्या, आणि तळ कोरडा होईपर्यंत थांबलंच नाही तर मगच तळावर संशय घ्यावा. कर्जतला दिव्याच्या मागच्या खोबणीतून वायर जिथे भिंतीत शिरते, तिथली नळी उघडीच होती. सगळं पाणी त्या नळीतून बागेकडे चाललं होतं. आम्ही दिवा बाहेर काढला; वायर मुद्दाम लांब ठेवलेली असते, दिवा काठावर आणून दुरुस्त करता यावा म्हणून. नळीचं तोंड पाण्यातही घट्ट होणाऱ्या इपॉक्सीच्या गोळ्याने बुजवलं. अर्ध्या दिवसाचं काम. माळीदादा जवळच उभे होते. म्हणाले, "त्या दिव्यामागची केळ मी मे महिन्यातसुद्धा शिंपत नाही. तरी बघा कशी वाढलीय." मी विचारलं, हे मालकांना कधी सांगितलं होतं का? "मला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून कुठल्याही बंगल्यात गेलो की मालकांच्या आधी मी माळ्याशी बोलतो. कुठली झाडं उन्हाळ्यात न शिंपता तगतात, कुठल्या कोपऱ्यात गांडुळं जास्त, पावसाळ्यात कुठली फरशी खचते, याची उत्तरं त्याच्याकडे असतात. एवढी माहिती देणारं यंत्र अजून माझ्या बघण्यात नाही.

तरीही कधी ना कधी टाकी रिकामी करावीच लागते. टाइल्स सुटलेल्या असतात, वॉटरप्रूफिंग मेलेलं असतं, तळाची जाळी बदलायची असते. मग आम्ही सावकाश उपसतो. क्लोरीन टाकणं आठवडाभर आधी थांबवायचं, म्हणजे उन्हाने ते उडून जातं आणि पाणी झाडांना सोडता येतं. एवढं पाणी गटारात घालवायचं माझं मन घेत नाही. अलिबागला त्याच पाण्यावर नारळाच्या आळ्यांचं आठ दिवसांचं काम होतं. उपसा सुरू करण्याआधी पंपघरातला टायमर बंद करून त्याच्यावर पुठ्ठा चिकटवायचा : 'टाकी रिकामी आहे. पंप सुरू करू नये.' एकदा हा पुठ्ठा राहिला, पहाटे सहाला टायमरने पंप चालू केला आणि तो दोन तास कोरडा फिरला. पंपाचं सील जळून गेलं. चूक माझी होती, भरपाईही मीच केली.

आणि एक फळी. उथळ बाजूला काठापासून तळापर्यंत एक लांब फळी तिरकी ठेवायची, तिच्यावर ओलं गोणपाट ठोकायचं. हे मला रेवदंड्याजवळ एका राखणदाराच्या बायकोने, काकींनी, शिकवलं. रिकामी टाकी म्हणजे गुळगुळीत भिंतींचा खड्डा. रात्री बेडूक पडतो, त्याच्या मागे धामण पडते, एकदा मुंगसाचं पिल्लू पडलं होतं. त्यांना भिंत चढता येत नाही. गोणपाटावरून ती सगळी रात्रीतून निघून जातात. सकाळी काम सुरू करताना माणूसही निर्धास्त उतरतो. टाकीभोवती दोरी बांधणं, लाल फडकं लावणं, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवणं हे तर करायचंच; पाण्याने भरलेल्या टाकीत पडलेला माणूस भिजतो, रिकाम्या टाकीत पडलेल्याचं डोकं फुटतं. काम रेंगाळलं आणि तळाला वितीएवढं पाणी साचून राहिलं तर आठवड्या-दीड आठवड्यात त्यातून डासांची फौज उठते, म्हणून तेही रोज पुसून घ्यायचं.

टाकी कोरडी झाली की पहिला दिवस मिस्त्रींचा. आमचे मिस्त्री पहाटे उतरतात, पाखरं उठायच्या आत, कारण त्यांना कानाने काम करायचं असतं. हातात लाकडी मूठ असलेली जुनी छिन्नी. ती उलटी धरून मुठीने एकेक टाइल वाजवत जायचं. घट्ट बसलेली टाइल टणक वाजते. सुटलेली 'बद्द' वाजते, तडा गेलेल्या माठासारखी. कुंभाराकडून माठ घेताना आपण जसं टिचकी मारून बघतो, तसंच. बद्द वाजलं की खडूने गोल. उजाडेपर्यंत भिंतीवर आणि तळावर पांढऱ्या गोलांचा नकाशा उमटतो, आणि मग मिस्त्री मला बोलावतात. "बघा, सुट्टे गोल असले तर मसाला कच्चा. रेघेत आले तर खाली सळई गंजलेली."

एका टाकीत असे अकरा गोल एका सरळ रेघेत आले. टाइल्स काढल्या, प्लास्टर खरवडलं, खाली काँक्रीट फुटून उभं राहिलेलं आणि सळई सोललेल्या दालचिनीसारखी पापुद्र्यांची. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. अशा ठिकाणी नुसत्या नव्या टाइल्स चिकटवल्या तर दोन पावसाळ्यांत त्या परत हातात येतात. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट खणायचं, तार-ब्रशने लोखंड चकचकीत करायचं, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मसाला दाबून भरायचा. भिंत तळाला जिथे मिळते त्या काटकोनात 'वाटा' काढायचा, म्हणजे कोपरा गोलसर भरून घ्यायचा. वॉटरप्रूफिंगचा थर काटकोनात हमखास चिरतो, गोलाईवर टिकतो. त्यावर लेपाचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, कोपऱ्यांत काचतंतूंची जाळी. मग टाइल्स लावायच्या आधीच टाकी भरून सात दिवस ठेवायची आणि रेघ बघायची. मालक इथे कंटाळतात. "आत्ता भरायची, परत रिकामी करायची, कशाला?" या सात दिवसांवरून माझे दोनदा वाद झालेत, आणि दोन्ही वेळा मी काम सोडायची तयारी दाखवली. टाइल्स लावलेली टाकी पुन्हा उघडणं काय असतं ते मला कर्जतला कळलं होतं.

ॲसिडबद्दल सांगायला मला अजूनही जड जातं. टाइल्सवरचे पांढरे क्षार आणि काळे डाग काढायला बाजारात मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं ॲसिड. उलटं कधीच नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतं ते हे, की त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. उघड्या अंगणात ती वाऱ्याने जाते. टाकीत ती वर येत नाही, खोल बाजूला जाऊन बसते, पाण्यासारखी. वर काठावर उभं राहिलेल्याला वासही येत नाही.

लोणावळ्याला एका दुपारी वारा पडलेला होता. बीडकडचा एक तरुण मुलगा खोल बाजूला उकिडवा बसून ब्रशने तळ घासत होता. मी वर पंपघरात होतो. ब्रशचा खरखर आवाज सारखा येत होता, आणि मग तो आला नाही. एवढंच माझ्या लक्षात आलं. बाहेर धावलो तर तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे गळत होते, खोकता येत नव्हतं. नाकाला ओला रुमाल बांधून दोघांनी त्याला काखेत धरून उथळ बाजूने बाहेर काढलं. दवाखान्यात दोन दिवस राहिला आणि बरा झाला. वाचला, पण मी त्याला तिथे एकटं ठेवलं होतं. त्याच्या आईला फोन मी केला होता, आणि ती मला एकही कडू शब्द बोलली नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आता आमच्याकडे ॲसिडचं काम सहसा होतच नाही. प्रेशर जेटने आणि सौम्य आम्लाने जमेल तितकं काढायचं, उरलेला डाग असू द्यायचा. अगदीच टाळता आलं नाही तर तळाला मोठा पंखा, तोंडावर वाफेचा मास्क, वर दोन माणसं आणि खाली उतरलेल्याने बोलत राहायचं. मिस्त्री गवळणी म्हणतात. आवाज थांबला की वरच्याने काहीही न विचारता त्याला बाहेर काढायचं. ब्लिचिंग पावडरीचा किंवा क्लोरीनचा डबा त्या दिवशी टाकीच्या आसपासही आणायचा नाही, कारण ॲसिडशी गाठ पडली की त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तोही जड, तोही तळाला बसणारा. धुऊन झालेलं पाणी धुण्याच्या सोड्याने मारल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. काठाला शहाबाद, कोटा किंवा कडप्पा असेल तर तो आधी ताडपत्रीने झाकायचा. हे सगळे चुनखडीचे दगड, ॲसिडचा थेंब पडला की फसफसतात आणि तिथे कायमचा पांढरा ओरखडा राहतो.

रिकाम्या टाकीत दुरुस्तीबरोबर काही नवंही करून घेता येतं, आणि मला आवडतं ते हे काम. लोणावळ्याच्याच एका जुन्या बंगल्यात नऊ फूट खोल टाकी होती, वर सूर मारायची फळी. ज्यांनी ती बांधली ते आता पंचाहत्तरीचे झाले होते, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं, आणि स्वतःच्याच टाकीत उतरायला त्यांना उभी लोखंडी शिडी होती. आम्ही खोल भाग दगडाच्या भरावाने थराथराने दाबून वर घेतला, त्यावर नवा स्लॅब टाकला, जुन्या-नव्या काँक्रीटच्या सांध्यात पाणी लागलं की फुगणारी पट्टी घातली. एका कोपऱ्यात रुंद पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरी सहा इंचांची, कडेला गडद रंगाची टाइल, म्हणजे पाण्यातून कड दिसते. बाजूला धरायला स्टीलचा कठडा. पंधरा फूट बाय दहा फुटांवर सरासरी चार फूट भराव झाला, म्हणजे जवळपास १७,००० लिटर पाणीही कायमचं वाचलं. आधीच्या गर्द निळ्या टाइल्सऐवजी फिकट रंग घ्यायला मी मालकांना गळ घातली. गर्द तळ फोटोत छान दिसतो, पण तळाला गेलेलं मूल त्यात दिसत नाही. माझ्या हातात असेल तिथे मी गर्द टाइल्स लावत नाही.

त्याच कामात तळाच्या जाळीचा प्रश्न आला. जुनी टाकी, एकच जाळी, सपाट, आणि पंप थेट तिच्यातूनच ओढणारा. मी म्हटलं, दोन जाळ्या करू, एकमेकींपासून चार फूट लांब, एकाच पाइपला जोडलेल्या, आणि वरची झाकणं घुमटाकार. एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी येत राहतं, ओढ एका जागी साठत नाही. मालकांचा मुलगा खर्चाचा विचार करत होता. "इतकी वर्षं काही झालं नाही," तो म्हणाला. तेव्हा मी त्यांना व्हर्जिनिया ग्रॅम बेकरबद्दल सांगितलं. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात, सात वर्षांची, पोहता येणारी. जून २००२मध्ये गरम पाण्याच्या कुंडात तळाच्या जाळीने तिला ओढून धरलं. आईला ती सुटेना. दोन पुरुषांनी ओढून काढलं तेव्हा जाळीचं झाकणच तुटलं, पण तोवर ती गेली होती. तिच्या आईने पुढची वर्षं असे अपघात थांबवण्याच्या कामात घालवली आणि डिसेंबर २००७मध्ये तिथे मुलीच्या नावाने कायदा झाला. सार्वजनिक पुलांना सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. आपल्याकडच्या घरगुती टाकीला हे करा म्हणून कोणी सांगायला येत नाही. खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही. मग आतल्या खोलीतून आजी आल्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मुलाला म्हणाल्या, "दोन जाळ्या करून घे. सुट्टीत पोरं येतात."

विजेचं काम तिथेच उरकलं. पाण्याखालचे जुने तीनशे वॉटचे हॅलोजन काढून बारा व्होल्टचे एलईडी, ट्रान्सफॉर्मर काठापासून लांब पंपघरात, वर वीज गळताच ती तोडणारा तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, नव्या कठड्याला अर्थिंग. वायरमनने बटण दाबून आरसीसीबी पडतो हे दाखवल्याशिवाय मी त्याला जाऊ दिलं नाही.

मग भरणं. टाइल्स लावून, फटी भरून, दोन आठवडे थांबून. दिवसाला दोन फुटांपेक्षा जास्त नाही. नव्या कामावर वजन हळूहळू यायला हवं. मुरूडकडच्या एका टाकीला दहा हजार लिटरचे सहा टँकर लागले. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, काचेसारखं स्वच्छ. संध्याकाळी क्लोरीनची पहिली मात्रा टाकली आणि अर्ध्या तासात सगळी टाकी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. मालकीणबाई रडकुंडीला आल्या. पाण्यात विरघळलेलं लोह होतं ते. डोळ्यांना दिसत नव्हतं, क्लोरीन लागताच गंजून तांबडं झालं. तुरटी फिरवली, रात्रभर पंप बंद ठेवला, सकाळी तळाला बसलेला गाळ हळूच ओढून थेट बाहेर टाकला, वाळूचा फिल्टर उलटा धुतला. तिसऱ्या दिवशी तळाची प्रत्येक टाइल मोजता येत होती. आता टँकर टाकीत सोडायच्या आधी मी बादलीभर पाणी घेऊन त्यात चिमूटभर क्लोरीन टाकून बघतो.

शेवटचं काम बादलीचंच. टाकीतल्या दुसऱ्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतल्या पाण्याची रेघ आतून मारायची, टाकीची रेघ भिंतीवर. चोवीस तासांनी दोन्ही बघायच्या. ऊन-वारा दोघांचं पाणी सारखंच नेतो. टाकीचं जास्त उतरलं तर ती गळते. मुरूडला त्या रात्री मी तिथेच पडवीत झोपलो. सकाळी मिस्त्री माझ्या आधी पायरीवर होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात स्टीलची पट्टी. आधी बादलीत धरली, मग भिंतीला. मग पुन्हा बादलीत.

"दोन सूत," ते म्हणाले. "इथेपण दोन सूत."

आणि पट्टी खिशात घालून पंपघरातला पुठ्ठा काढायला गेले.